आईला अळणी पाणी प्यावंसं वाटतंय, पण घरात माळ आहे

नाशिकहून पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल काय चाललंय ते. अळणी पाणी म्हणजे चिकन मटणाचं बिनमसाल्याचं पातळ सूप.

"ताई, मी पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडला कंपनीत आहे, शिफ्ट असते. आई 56 वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात तिला व्हायरल झालं, पाच दिवस ताप होता, आता ताप उतरलाय पण छातीत कफ आहे, एक्सरे काढला तो साफ आला, डॉक्टर म्हणाले आराम करा आणि खाणंपिणं वाढवा. पण ती खातच नाही. भात दोन घास, की ताट बाजूला. परवा रात्री अर्धवट झोपेत म्हणाली, अळणी पाणी प्यावंसं वाटतंय रे. आमच्याकडे अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आठ वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून घरात चिकन मटण शिजलेलं नाही, आईने पण करणं बंद केलं, बाहेर कुठे लग्नाकार्यात असेल तर खाते. मी दुकानातून पाकिटातलं चिकन सूप आणलं, केलं, तिने दोन घोट घेतले आणि वाटी ठेवून दिली. मी ओरडलो तिच्यावर, मग तू खाणार तरी काय म्हणून. ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हापासून मला जेवण जात नाहीये. अण्णा नुकतेच त्र्यंबकहून निवृत्तीनाथांच्या यात्रेतून आलेत, त्यांना कसं विचारू कळत नाही. मला चहा आणि मॅगी सोडून काही येत नाही. काय करू?"

बाळा, सगळ्यात आधी ते ओरडण्याचं. तू रात्रपाळी करून आलेला, पाच दिवसांची झोप नाही, स्वतःच्या हाताने काहीतरी केलंस आणि ते तिने ठेवून दिलं, तर तोंडातून निघतं असं, मला कळतंय. पण ते तसंच सोडू नकोस. लांबलचक माफी मागायची गरज नाही, आईला लांबलचक माफीने उलट कानकोंडं होतं. आज तिच्या पायाशी जाऊन बस, पाय दाब थोडे, आणि एवढंच म्हण की आई त्या दिवशी मी ओरडलो, चुकलं माझं. आणि लगेच पुढचं विचार. अळणी पाणी तू कसं करायचीस, मला सांग.

हे विचारणं रेसिपीपुरतं नाहीये. मी खाली सगळं सविस्तर देणार आहे, प्रमाण, वेळ, सगळं, पण माझं अळणी हे माझ्या आईचं अळणी आहे, तुझ्या आईच्या जिभेवर जे बसलंय ते तिच्या आईचं आहे. कुणी कांदा परततं, कुणी कच्चाच टाकतं, कुणाकडे जिरं लागतं, कुणाकडे जिरं घातलं तर म्हणतात हे काय खिचडीसारखं. आणि ज्या बाईने तीस वर्षं सगळ्या घराला वाढलं ती आजारी पडली की तिला दोन गोष्टींचा त्रास होतो, एक ताप आणि दुसरं म्हणजे आपण पडून आहोत आणि पोरगं राबतंय, हा. तिला वाटतं आपला आता घराला उपयोग नाही, ओझं झालोय. तू विचारलंस की ती अंथरुणातून सांगायला लागेल, हळद आधी टाक, नाही नाही, तेवढी नको, पाणी गरमच घाल बरं का. तेवढ्यात ती अर्धी उठून बसलेली असेल बघ.

पाकिटाचं सूप तिने का ठेवलं ते पण सांगते, म्हणजे तुझ्या मनात राहायला नको. त्यात कॉर्नफ्लोर असतं, घट्ट होतं, आणि छातीत कफ असलेल्या माणसाला घट्ट चिकट काही घशाखाली नको वाटतं. शिवाय ते खारट असतं. आपल्या जिभेला तेवढं कळत नाही पण तापातून उठलेल्या जिभेला लगेच कळतं. आणि आईला बीपी आहे ना, मग तर ते नकोच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक छोटा सपाट चमचा, त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. म्हणून घरचं करायचं, मीठ आपल्या हातात राहतं.

आता अण्णांचं. हे तुला सगळ्यात अवघड वाटतंय आणि मला वाटतं हेच सगळ्यात सोपं निघेल, पण एका अटीवर. लपूनछपून करू नकोस. अण्णा काकड्याला किंवा देवळात गेले की पटकन करून घेऊ, असं डोक्यात आलं असेल तर काढून टाक. वास येतोच, आणि माळकरी माणसाला घरात वशाट शिजल्याचं दुःख होतं त्याहून जास्त दुःख आपल्याला न सांगता केलं याचं होतं. सरळ सांग त्यांना. अण्णा, आईने झोपेत अळणी पाणी मागितलं. घरातलं भांडं वापरणार नाही, स्वयंपाकघरात करणार नाही, देवघराच्या जवळपास आणणार नाही, गॅलरीत वेगळ्या शेगडीवर करीन, तुम्ही सांगा चालेल का. बस एवढंच, आणि मग गप्प बस, त्यांना बोलू दे. कुठल्या संताने काय म्हटलंय ते त्यांना सांगायला जाऊ नकोस, कुळाचार काढू नकोस, देवाला चालतं वगैरे बोलू नकोस. माळ त्यांनी घातलीय, आठ वर्षं सांभाळलीय, पौषाच्या थंडीत त्र्यंबकपर्यंत दिंडीत चालत जाणारा माणूस आहे तो, त्यांचा नेम त्यांना माहितीये. तू फक्त आईचं मागणं त्यांच्यापर्यंत पोचव.

मी कितीतरी माळकऱ्यांची घरं बघितलीत, आमच्या माहेरी पण सख्खे काका माळकरी होते. पोरं मळ्यात किंवा मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून करायची, काका तेवढा वेळ पारावर जाऊन बसायचे, आणि परत आल्यावर एकच विचारायचे, जेवली का पोरं पोटभर. तुझे अण्णा पण आईचे नवरे आहेत, नुसते माळकरी नाहीत. आणि त्यांना पण काहीतरी काम दे. ते पण घाबरलेले असणार, फक्त दाखवत नसतील. तुळशीची पानं, आलं आणि गवती चहा टाकून काढा उकळायचा, गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवायचा, गोळ्यांची वेळ बघायची, हे त्यांच्याकडे सोपव.

आणि समजा ते नाहीच म्हणाले, किंवा आईच म्हणाली की नको रे, अण्णांना बरं वाटणार नाही, तर जबरदस्ती करू नकोस. मग हुलग्याचं कढण कर. हुलगे कोरडेच भाजायचे, रात्रभर भिजवायचे, भरपूर पाण्यात मऊ शिजवून वरचं पाणी गाळून घ्यायचं, तुपाची जिरं लसणाची फोडणी, चिमूटभर मीठ, आमसूल. नाहीतर मुगाचं कढण. ते पण गरम, पातळ, पोटाला हलकं. पण आधी विचार तर.

वार बघून घे, ते पण महत्त्वाचं. आई कुठला वार पाळते, सोमवार की गुरुवार, संकष्टी कधी आहे, एकादशी कधी, हे आधी विचार, नाहीतर तू सगळं करून ठेवशील आणि ती म्हणेल आज माझा वार आहे, आणि परत दोघांचं तोंड पडेल.

आता भांडं. घरातला कुकर घ्यायचा नाही. मेन रोडच्या बाजूला भांडी बाजारात जा आणि दोन अडीच लिटरचं जाड बुडाचं पातेलं घे, त्यावर नीट बसेल अशी खोलगट ताटली किंवा परातीसारखं झाकण घे, ते खोलगटच पाहिजे, का ते पुढे सांगते. एक पळी, एक गाळणं, एक वाटी, एक पेला. एवढं सगळं वेगळं आणि गॅलरीतच राहील. शेगडी एका बर्नरची किंवा इंडक्शन कुणाकडून दोन दिवस माग, इंडक्शन असेल तर पातेलं त्यावर चालणारं घे, दुकानदाराला विचार.

चिकन किती, तर पाव किलो. जास्त नाही. कारण तुमच्याकडे ते फ्रीजमधे ठेवता येणार नाही, ठेवू पण नकोस, अण्णांचं दूध दही तिथे असतं. तेवढं कर जेवढं दिवसात संपेल. बोनलेस अजिबात घेऊ नकोस, सूपाचा जीव हाडात असतो. दुकानदाराला सांग, सूपाला पाहिजे, हाडासकट दे, मान टाक, पाठीचा पीस टाक, चरबी काढ. गावरान मिळाली तर उत्तम, पेठ हरसूलकडचं कुणी कंपनीत कामाला असेलच तुझ्या, त्याला विचार, ते घरची कोंबडी आणून देतात. पण गावरानला वेळ लागतो, पातेल्यात तासाभराच्या वर, कधी दीड तास, आणि तुला पहिल्यांदाच करायचंय, तर बॉयलरच घे बिनधास्त, पाऊण तासात होतं. बॉयलरला चव नाही म्हणतात लोक, पण आजारी माणसासाठी मऊ शिजणं जास्त महत्त्वाचं.

धुण्याबद्दल. नळाखाली धो धो धुऊ नकोस, कच्च्या चिकनवर जंतू असतात आणि पाणी उडालं की ते ओट्यावर, भांड्यांवर, सगळीकडे जातात, घरात आजारी माणूस असताना तर नकोच. दुकानातच साफ करून घे, आणि धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर खोलगट भांड्यात पाणी घेऊन त्यात हलकेच हलवून काढ, ते पाणी बाथरूममधे ओत, जागा साबणाने धू, हात साबणाने धू. शिजलं की जंतू मरतात, म्हणून शिजवायचं मात्र नीट, हाडाजवळ गुलाबी दिसता कामा नये.

बाकी सामान असं. एक मध्यम कांदा, आत्ता पौषात आपल्याकडे लाल कांदा आहे, तोच घे. लसूण आठ दहा पाकळ्या, आलं बोटाच्या एका पेराएवढं, दोन्ही ठेचून, मिक्सरमधून गंधासारखं वाटायचं नाही. अर्धा चमचा हळद. काळी मिरी सहा सात दाणे, जाडसर कुटून. कोथिंबीर पानं नंतर वरून आणि देठं आधी, देठं फेकू नकोस, चव देठात असते. बुधवार असेल तर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून आण, कोथिंबिरीची जुडी अशी मिळते की हातात घेतली की घरभर वास. तेल एक चमचा. मीठ पाव चमचा, पहिल्यांदा एवढंच. मसाला नाही, तिखट नाही, खोबरं नाही, टोमॅटो पण नको, खोकल्यात आंबट कधी कधी घशाला लागतं.

मसाल्याचं मी जरा जोर देऊन सांगतेय त्याला कारण आहे. मी एकोणीस वर्षांची असताना माझी आई अशीच तापातून उठली होती, आम्ही तेव्हा सातपूरला राहायचो. तिला बरं वाटावं म्हणून मी अख्खा दिवस खपून काळ्या मसाल्याचा रस्सा केला, तर्री वर आलेली, तिचा आवडता. तिने माझ्या तोंडाकडे बघून वाटीभर प्यायला, छान झालाय म्हणाली. रात्रभर ती छाती धरून बसली होती, पोटात आग पडलेली, आणि मला उठवलं नाही. सकाळी शेजारच्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अगं पोरी, आजारी माणसाला आपल्या आवडीचं नाही, त्याच्या पोटाला झेपेल ते द्यायचं. त्यांनीच मला अळणी शिकवलं, त्याच दुपारी, त्यांच्या स्टोव्हवर. तीच रीत तुला सांगतेय.

पातेलं तापव, तेल टाक, कांदा बारीक चिरून टाक. मंद आचेवर. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ आणि काचेसारखा झाला पाहिजे. मग ठेचलेलं आलं लसूण, अर्धा मिनिट, कच्चा वास गेला की हळद. लगेच चिकन. आता चिकन पातेल्यात फिरवत रहा, तीन चार मिनिटं, वरून पांढरं पडेल आणि हळदीचा रंग धरेल. मीठ टाक. आणि आता ती खोलगट ताटली झाकण म्हणून ठेव आणि ताटलीत दोन तीन वाट्या पाणी ओत.

हीच खरी गंमत आहे. पातेल्यात तू अजून थेंबभर पाणी टाकलेलं नाहीस. आतून वाफ वर येते, ताटलीच्या बुडाला लागते, वरचं पाणी थंड असतं म्हणून ती वाफ तिथेच थबकते आणि थेंब होऊन परत चिकनवर पडते. दहा मिनिटांनी फडक्याने धरून हळूच ताटली उचलून बघ, चिकनच्या अंगचं पाणी सुटलेलं असतं, तळाला पिवळसर रस जमलेला असतो, आणि ताटलीच्या खालच्या बाजूला असे टपोरे थेंब लोंबत असतात. तो वास आला ना, की आईला आतल्या खोलीत कळेल काय चाललंय. आणि वरच्या ताटलीतलं पाणी तेवढ्यात गरम झालेलं असतं, तेच पातेल्यात ओतायचं. म्हणजे गार पाणी पडून शिजणं मोडत नाही. ते ओतून झालं की परत ताटलीत पाणी, परत गरम झालं की आत. असं मिळून सहा सात वाट्या पाणी आत गेलं पाहिजे, साधारण एक लिटर. मिरी आणि कोथिंबिरीची देठं टाक आता.

आणि मग मंद. बुडबुडे सावकाश एकेक वर आले पाहिजेत, खळखळ नको. खळखळ उकळलं की पाणी गढूळ होतं, चरबी त्यातच फुटून मिसळते आणि तेलकट लागतं. वर फेस येईल करड्या रंगाचा, पळीने काढून टाक. अर्धा पाऊण तास. मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं. गॅस बंद कर, दहा मिनिटं तसंच राहू दे, वर जे तेल तरंगेल ते पळीने काढ जेवढं निघेल तेवढं. मग गाळ.

आईला पहिल्या दिवशी नुसतं पाणी दे. अर्धा पेला. वाटी भरून नको, ताटात मांडून नको. भरलेली वाटी बघून आजारी माणसाला धडकी भरते की एवढं संपवायचंय. अर्धा पेला, गरम, फुंकून पिण्याइतकं, आणि उघड्या पेल्यातून, म्हणजे वाफ नाकात जाईल. तू तिच्यासमोर उभा राहून बघू नकोस किती प्यायली. देऊन बाजूला हो, काहीतरी काम करत रहा. आणि दोन अडीच तासांनी परत अर्धा पेला.

थोडं थोडं आणि परत परत का, त्याला पण कारण आहे. 1978 मधे अमेरिकेत मायामीच्या डॉक्टरांनी 15 निरोगी माणसांवर बघितलं होतं की गार पाणी, गरम पाणी आणि गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो. गरम पाण्याने पण वेग वाढला, चिकन सूपाने पण वाढला, गार पाण्याने उलट कमी झाला. पण गरम पिण्याने वाढलेला वेग साधारण अर्ध्या तासात परत पहिल्यासारखा. म्हणजे एकदाच मोठा वाडगा पाजून फायदा नाही. नंतर 2000 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड नावाच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोच्या आजीच्या रीतीचं सूप घेऊन प्रयोगशाळेत तपासलं, तर सूज वाढवणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांची धावपळ त्या सूपामुळे कमी झालेली दिसली. पण ते काचेच्या भांड्यात, माणसाच्या अंगात नाही, आणि त्यात कांदा गाजर अशा भाज्यांचा पण हात होता. म्हणून मी तुला असं सांगणार नाही की सूपाने व्हायरल बरं होतं. व्हायरल त्याच्या त्याच्या वेळेने जातं. सूपाने पोटात पाणी जातं, थोडं मीठ जातं, नाक मोकळं होतं, घसा शेकतो, आणि जो माणूस काहीच घेत नव्हता तो काहीतरी घ्यायला लागतो. हे काय कमी आहे? आपल्याकडे चरकसंहितेत पण मांसरस सांगितलाय, आजारातून उठलेल्या आणि अंगाने वाळलेल्या माणसासाठी, आणि तिकडे बाराव्या शतकात इजिप्तमधे राहणारा ज्यू वैद्य मायमोनिडीस पण कोंबडीचं सूप द्यायला सांगायचा. एकमेकांना न विचारता सगळीकडच्या लोकांनी आजाऱ्याच्या हातात हाच पेला दिला, त्यात काहीतरी असणारच.

एक मात्र लक्षात ठेव, नुसत्या पाण्यात ताकद कमी असते. प्रोटीन मांसात राहतं. म्हणून दुसऱ्या तिसऱ्या वेळेला, ती पाणी नीट प्यायला लागली की, हाडावरचं मांस बोटांनी सोडवून बारीक रेषा कर, एकही बारीक हाड राहिलं नाही ना ते दोनदा चाचपून बघ, मानेत बारीक हाडं असतात, आणि मऊ भातात कुस्करून वर ते पाणी घालून दे. चार घास खाल्ले तरी चालतील. पुढच्या आठवड्यात तोंडाला चव आली की बाजरीची भाकरी चुरून दे त्यात, थंडी आहेच, ती स्वतःच मागेल.

उरलेलं पाणी ओट्यावर किंवा गॅलरीत रात्रभर ठेवू नकोस, आपल्या नाशिकला थंडी कितीही असली तरी नको. गॅसवरून उतरवल्यापासून दोन तासाच्या वर बाहेर राहिलेलं आईला देऊ नकोस. दिवसभर पुरवायचं असेल तर गाळल्यावर परत एक उकळी आण आणि उकळतं असतानाच चांगल्या थर्मासमधे भर, आधी थर्मास गरम पाण्याने तापवून घे, आणि देताना बघ की ओतल्यावर वाफ निघतेय, निघत नसेल तर टाकून दे. थर्मास पण अण्णांचा नको, वेगळा. शेजारी कुणी खाणारे असतील आणि त्यांच्या फ्रीजमधे डबा ठेवू दिला तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल, पण मग परत खळखळ उकळूनच द्यायचं.

तुझी शिफ्ट असेल तेव्हा काय, हा प्रश्न येणार. दुपारपाळी असेल तर सकाळी करून थर्मास भरून जा. रात्रपाळी असेल तर आल्या आल्या करायला उभा राहू नकोस, आधी झोप चार तास. झोपेत शेगडी आणि उकळतं पातेलं, नको. आणि एक दिवसाआड केलंस तरी पुरे, मधल्या दिवशी कढण, पेज, मऊ मुगाची खिचडी. तू पण त्या वेळी दोन घास खाऊन घे, रोज उपाशी कामावर जाऊ नकोस, आईला ते अंथरुणातून पण दिसतं.

डॉक्टरांना एक फोन करून विचारून घे की चिकनचं पाणी दिलं तर चालेल ना, मीठ किती. किडनीचा काही त्रास किंवा युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर ते वेगळं सांगतील, आणि मग ते सांगतील तेच करायचं. आणि या गोष्टींवर नजर ठेव. गेलेला ताप परत आला, बोलताना धाप लागतेय, खोकताना छातीत एका बाजूला दुखतंय, ऑक्सिमीटर घरात पडलेलं असेल कोरोनापासूनचं, त्यावर शांत बसलेली असताना 94 च्या खाली दिसतंय, लघवी फार कमी होतेय, किंवा ती काहीतरी असंबद्ध बोलतेय, तर सूप वगैरे सगळं बाजूला ठेव आणि त्याच वेळी दवाखान्यात ने, सकाळची वाट बघू नकोस. ती झोपेत अळणी मागत होती ते असंबद्ध नाही, ते नुसतं मनातलं बाहेर आलं, त्याने घाबरू नकोस.

आणि पहिल्या वेळी चव बिघडली तर बिघडू दे. कांदा थोडा करपेल, हळद जास्त पडेल, पाणी जास्त होईल. तिला सांग की बिघडलंय, आणि तिलाच विचार की कशाने. आठ वर्षं तिने त्या पाण्याचं नाव काढलं नाही, ते तापात बाहेर आलं, आणि तिने ते तुला सांगितलं, अण्णांना नाही, बहिणीला फोनवर नाही. तुझ्या हातचं थोडं करपलेलं पण ती पिईल. पाकिटाचं नव्हतं प्यायचं तिला.

दोन तीन दिवसांनी कधीतरी ती पेला तोंडाला लावून म्हणेल, मीठ कमी पडलंय रे. तेव्हा मीठ टाकू नकोस, खोकला बराच कमी झाला असेल तर लिंबाची चतकोर फोड पिळ, नाहीतर मिरी जरा जास्त कुटून टाक, कोथिंबीर वरून चिरून टाक. पण ते ऐकून मनातल्या मनात खूश हो, तोंडाला चव परत आली म्हणून ती मीठ मागतेय.

सगळं झालं की पातेलं गॅलरीतच राखेने किंवा वेगळ्या घासणीने घास, ती घासणी पण आत न्यायची नाही, शेगडीखाली पेपर टाकला असशील तो गुंडाळून त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत दे, हाडं पण त्यातच, रात्रभर घरात ठेवू नकोस. पातेलं पालथं घालून कोपऱ्यात ठेव. आणि अण्णा बाहेरून आले की त्यांना आपणहून सांग, आई आज पेलाभर प्यायली म्हणून.